आण्णांची स्वस्तातली गोळी

रविवारी दुकान लवकर बंद करून आण्णांना न्यायला रंकाळ्यावर गेले, तर कट्ट्यावर भेळेच्या कागदावर औषधांचा बाजार मांडलेला. एका बाजूला आण्णांच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला बापूकाकांच्या, मधे दोघांत मिळून एक चष्मा. (लिहिताना 'गेले' लिहितेय, तोंडानं आम्ही पेठेतल्या बायका 'गेलो'च म्हणतो.) दोघंही एकाच तालमीतले आणि दोघांना अटॅक आला तोही तीन आठवड्यांच्या अंतरानं. त्यामुळं त्यांचा सवाल सरळ होता. रोग एक, मग गोळी वेगळी कशी?

"ह्याची पट्टी बघ आन् माझी बघ," आण्णा म्हणाले. "तिप्पट किमतीची हाय. वर दिवसातनं दोनदा. मला एकच, तीबी स्वस्तातली. म्हातारा म्हणून ढकलला काय गं मला?"

बी.फार्म. करून बावीस वर्षं मी मंगळवार पेठेत मेडिकल चालवते. गिऱ्हाइकानं असलं काही विचारलं की "डॉक्टरांना विचारा" म्हणून मोकळी होते, कारण मागं रांग असते. बापाला तसं म्हणून भागत नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर दोघांच्या फायली पुढ्यात घेऊन बसले.

आण्णांना अटॅक आला तो गारगोटीत, आत्याकडं, जुलैच्या धो धो पावसात. पहाटे चारला घाम फुटला, छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. पैलवान माणूस, पित्त म्हणून सोडा प्यायला आणि दीड तास घालवला. शेवटी आत्याच्या पोरानं उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं ईसीजी बघून गठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, टेनेक्टेप्लेज. सोबत ॲस्पिरिन चावायला लावली आणि क्लोपिडोग्रेलच्या चार गोळ्या एकदम गिळायला दिल्या. पंच्याहत्तर चोक तीनशे मिलीग्रॅम. मग पन्नासेक किलोमीटर ॲम्ब्युलन्समधनं कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी अँजिओ आणि एक स्टेंट, म्हणजे हृदयाची नळी उघडी ठेवणारी जाळी.

बापूकाका मात्र भर दुपारी राजारामपुरीत गाडी लावताना कोसळले आणि अर्ध्या तासात कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओ करतात त्या खोलीतल्या, टेबलावर होते. इंजेक्शनची गरजच पडली नाही, थेट अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद नळी फुग्यानं उघडली. त्यांना ॲस्पिरिनसोबत टिकाग्रेलॉरच्या दोन गोळ्या दिल्या, ९० च्या.

म्हणजे वाटा फुटल्या त्या पहिल्याच तासात. गठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं की रक्तस्रावाची भीती आधीच वाढलेली असते, तेव्हा जोडीला क्लोपिडोग्रेल द्यायची असंच शास्त्र सांगतं. थेट अँजिओप्लास्टी झाली तर जोरकस गोळी चालते. यात म्हातारा म्हणून ढकलण्याचा काही संबंध नाही. पण हे आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग नंतर बदलायची हुती की!"

तर आधी जे दोघांच्यात सारखं होतं, ते. ॲस्पिरिन ७५. आमच्याकडं तिला कुणी ॲस्पिरिन म्हणत नाही, 'इकोस्प्रिन द्या' म्हणतात. पैशापैशात मिळणारी ही गोळी अटॅकमध्ये किती कामाची, हे १९८८ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या आयसिस-२ या अभ्यासानं पक्कं केलं. सतरा हजारांवर पेशंट होते. ज्यांना ॲस्पिरिन मिळाली नाही त्यांच्यात पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं ११.८ टक्के गेले, मिळाली त्यांच्यात ९.४ टक्के. त्या अभ्यासातली एक गंमत मी आईला मुद्दाम सांगितली. संपादकांनी वेगवेगळ्या गटांचे आकडे वेगळे काढून मागितले, तेव्हा संशोधकांनी राशींप्रमाणेही आकडे काढून दिले, आणि मिथुन-तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा फायदा होत नाही असं निघालं! आकडे बारीक बारीक कापत गेलं की असली भुतं दिसतात, हे दाखवायला त्यांनी ते केलं होतं. आई रोज पेपरमधलं राशिभविष्य वाचल्याशिवाय चहा घेत नाही. ती गंभीरपणे म्हणाली, "ह्यांची वृश्चिक हाय, चालतंय."

भांडण सगळं दुसऱ्या गोळीवरनं. स्टेंट टाकल्यावर साधारण वर्षभर ॲस्पिरिनच्या जोडीला आणखी एक, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकटू न देणारी गोळी लागते. तिच्यात तीन नावं: क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती कामाची नसतेच. यकृतातलं एक एन्झाइम तिला कामाची करतं, आणि ते एन्झाइम काही लोकांत जन्मतःच मंद असतं. आपल्याकडं असे लोक कमी नाहीत. त्यांच्यात गोळी अर्धवट चालते. टिकाग्रेलॉरला हे सोपस्कार लागत नाहीत, ती थेट कामाला लागते. २००९ साली आलेल्या प्लेटो अभ्यासात १८,६२४ पेशंटांत दोघींची गाठ घातली. वर्षभरात हृदयविकारानं मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा पॅरालिसिस, या तिन्हींचं मिळून प्रमाण क्लोपिडोग्रेलवर ११.७ टक्के आणि टिकाग्रेलॉरवर ९.८. म्हणजे शंभरात दोन माणसं या तिन्हींतनं वाचली. हे काही थोडं नाही. पण टिकाग्रेलॉरच्या बाजूला रक्तस्राव जास्त होता (बायपासशी संबंध नसलेला मोठा रक्तस्राव ३.८ ऐवजी ४.५ टक्के), आणि धाप लागणारे १३.८ टक्के, क्लोपिडोग्रेलवर ७.८.

आता आण्णा. वय चौऱ्याहत्तर, वजन छप्पन किलो. वीस वर्षांपूर्वी पोटातल्या अल्सरमधनं रक्त गेलेलं. आणि सात-आठ वर्षांमागं एकदा तासभर तोंड वाकडं होऊन परत सरळ झालेलं, जे आण्णा कुणालाच सांगत नाहीत. ॲडमिट करताना मी सांगितलं म्हणून फायलीत आलं. त्या एका ओळीनं प्रासुग्रेल कायमची बाद. २००७ च्या ट्रायटन अभ्यासात प्रासुग्रेलनं क्लोपिडोग्रेलला मागं टाकलं, त्याच तिन्हींचं प्रमाण १२.१ वरनं ९.९ टक्क्यांवर आणलं; पण आधी पॅरालिसिसचा झटका, मग तो तासाभराचा का असेना, येऊन गेलेल्यांना तिनं फायद्यापेक्षा तोटाच केला. पंच्याहत्तरीपुढचे आणि साठ किलोच्या आतले, त्यांनाही फायदा दिसला नाही. आण्णांच्यात तीनपैकी दोन खुणा पक्क्या, तिसरीला एक वर्ष कमी.

टिकाग्रेलॉर देता आली असती का? कदाचित. पण २०२० साली नेदरलँड्समध्ये सत्तरीपुढच्या पेशंटांवरच एक अभ्यास झाला. त्यांचा अटॅक आण्णांच्यापेक्षा जरा वेगळ्या प्रकारचा होता हे खरं. त्यात जोरकस गोळ्यांवर २४ टक्क्यांना रक्तस्राव झाला, क्लोपिडोग्रेलवर १८ टक्क्यांना, आणि बाकी निकालात क्लोपिडोग्रेल कमी पडली नाही. अल्सर फुटलेल्या छप्पन किलोच्या माणसाला डॉक्टरांनी हीच गोळी दिली, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही हीच दिली असती.

राहिला किमतीचा प्रश्न. क्लोपिडोग्रेल नवी होती तेव्हा तीही महागच होती, अमेरिकेत तर सगळ्यात जास्त खपाच्या गोळ्यांत तिचं नाव असायचं. पेटंट संपलं, डझनांनी कंपन्या उतरल्या, भाव खाली आला. टिकाग्रेलॉरचंही तेच होत आलंय. सुरुवातीला माझ्याकडं ती ऑर्डरवर मागवावी लागायची, आता कपाटात चार कंपन्यांची पडून असते. पण "स्वस्त म्हणजे हलकी" हे पेठेत इतकं मुरलंय की जनऔषधीतली गोळी घेऊन आलेला माणूस माझ्याकडं येऊन विचारतो, "ही चालंल न्हवं?" स्वतःचा धंदा बुडवून मला "चालंल" म्हणावं लागतं.

दरम्यान बापूकाकांची महागातली गोळी त्यांना सुखानं जगू देईना. दसऱ्याच्या सुमाराला ते अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडवर उभे, आणि श्वास पुरेना. छातीत दुखत नव्हतं, घाम नव्हता, नुसती हवा अपुरी पडल्यासारखी. घरच्यांना वाटलं दुसरा अटॅक. धावपळ, ईसीजी, रक्ताच्या तपासण्या, टूडी इको, सगळं नीट. पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ५५ टक्के. छातीचा एक्सरे स्वच्छ. टिकाग्रेलॉरची धाप ही अशीच असते, फुप्फुसं आणि हृदय धड असतात आणि माणूस हवा शोधत बसतो. बहुतेकांची आपोआप कमी होते. बापूकाकांची झाली नाही. मग त्यांनी काय केलं, तर संध्याकाळची गोळी परस्पर बंद केली.

हे मला कळलं ते त्यांच्या सुनेमुळं. माझे हातपायच गार पडले. क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल प्लेटलेटला कायमच्या चिकटतात, ती प्लेटलेट मरेपर्यंत सोडत नाहीत. टिकाग्रेलॉर सुटते. म्हणून तर ती दिवसातनं दोनदा घ्यायची. तिची एक वेळ चुकवली तर स्टेंटवरचा पहारा तेवढा सैल पडतो. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडं पिटाळलं. वय अठ्ठावन्न, वजन चौऱ्याऐंशी, झटक्याचा इतिहास नाही. डॉक्टरांनी प्रासुग्रेल दहाची दिली. २०१९ साली जर्मनी-इटलीत या दोघींची थेट झुंज लावली होती, त्यात मृत्यू, अटॅक किंवा पॅरालिसिस प्रासुग्रेलवर ६.९ आणि टिकाग्रेलॉरवर ९.३ टक्के, म्हणजे प्रासुग्रेलच पुढं. महागातली सगळ्यात भारी, हा आण्णांचा हिशोब तिथंही बसत नाही. आठवड्यात बापूकाका रंकाळ्याला चक्कर मारून आले.

पित्ताच्या गोळीवरनं माझ्याच दुकानात एक चूक झाली, तीही सांगते. आण्णांच्या चिठ्ठीत पँटोप्राझोल होती. एका रविवारी मी नव्हते, पँटोप्राझोल संपलेली, नवा पोरगा म्हणाला "दोन्ही पित्ताच्याच की" आणि ओमेप्राझोल देऊन टाकली. क्लोपिडोग्रेलला कामाची करणारं जे एन्झाइम, तेच ओमेप्राझोल अडवून धरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ही जोडी टाळा म्हणून बजावलंय. दहा दिवसांनी रिकामी पट्टी बघितली तेव्हा कळलं. घडलं काही नाही, पण त्या पोराला मी दोन दिवस बोलले नाही, आणि खरं तर चूक माझी होती. ते कपाटावर लिहून ठेवायला हवं होतं. आता लिहिलंय, लाल स्केच पेननं.

स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचं, प्रकरण हिशोबात सापडलं. ॲटोर्व्हास्टॅटिन ८० ची दहाची पट्टी, महिन्याला तीन लागतात. नोव्हेंबर-डिसेंबर मिळून आण्णांनी चारच नेल्या. आईला म्हटलं, बघ जरा. पलंगाखालच्या ट्रंकेत, जिथं लंगोट, तालमीचे जुने फोटो आणि कसलं कसलं बिल्लं आहे, तिथं तंबाखूची जुनी पितळी डबी. तंबाखू सुटली अटॅकनंतर, डबी राहिली. उघडली तर आत लांबट पांढऱ्या गोळ्या. मोजल्या, एकोणीस. तंबाखूचा वास लागलेला.

"मांड्या दुखत्यात," आण्णा म्हणाले. "आन् मोबाईलवर आलंय, लिव्हर जाते."

"मग मला सांगायचं की. मी काय मेलो व्हतो?" मी ओरडले.

मांड्या दुखतात हे खोटं नसतं. पण २०२० साली इंग्लंडमध्ये एक सुंदर प्रयोग आला. स्टॅटिन सोडून दिलेल्या साठ जणांना बारा बाटल्या दिल्या. चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये खोटी गोळी, चार रिकाम्या. महिन्याला एक. स्टॅटिनच्या महिन्यात जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यातही झाला, रिकाम्या बाटलीच्या महिन्यात मात्र कितीतरी कमी. दुखणं खरं, पण बहुतेक ते गोळी गिळण्याच्या धास्तीचं. अर्ध्या लोकांनी हे बघून स्टॅटिन पुन्हा सुरू केली. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "ते इंग्रज."

रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६८ वर आलेलं ते परत १०४. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी ॲटोर्व्हास्टॅटिन ४० केली आणि सोबत इझेटिमाइब दहाची जोडली. यात मला हिशोब आवडला. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम आणखी सहाएक टक्के उतरतं. इझेटिमाइब वेगळ्या वाटेनं, आतड्यातनं शोषण अडवून, वीसेक टक्के उतरवते. म्हणजे अर्धा डोस आणि ही जोडी मिळून ८० पेक्षा जास्तच काम. मांड्या थांबल्या. का थांबल्या ते मी विचारत नाही. पितळी डबी आता माझ्या गल्ल्यात आहे, सुट्टे ठेवायला.

मग खोकला. आण्णांचं पंपिंग ४० टक्के, म्हणून रामिप्रिल सुरू होती. अशा कमजोर झालेल्या हृदयाला ती खरोखर लागते. गुऱ्हाळं पेटली त्या सुमाराला रात्रीचा कोरडा खोकला लागला आणि घरातल्या सगळ्यांनी दोष गुऱ्हाळाच्या धुराला दिला. दोन बाटल्या कफ सिरप संपलं. हा खोकला रामिप्रिलचा, हे माझ्या डोक्यात यायला महिना लागला, लिहायला लाज वाटते. रोज पाच-सात गिऱ्हाइकांना मीच विचारते, "बीपीची कुठली गोळी चालू आहे?" डॉक्टरांनी व्हाल्सार्टन दिली, अटॅकनंतरच्या कमजोर हृदयात ती रामिप्रिलच्या कुळातल्या गोळीच्या तोडीस तोड ठरते हे २००३ सालीच दिसलंय, आणि दोन्ही एकदम दिल्या तर फायदा वाढत नाही, त्रास वाढतो. खोकला काही दिवसांत गेला. या कुळातली पहिली गोळी, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरनं सुचलेली, हे ऐकून मात्र आण्णा खूश. तरुणपणी बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला सायकलवर गेलेला माणूस.

मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके हळू करणारी गोळी, दोघांनाही आहे, आणि इथं बापूकाकांचा प्रश्न खरा अवघड. बीटा ब्लॉकरचा दबदबा १९८२ च्या काळातला, जेव्हा स्टेंट नव्हते. आण्णांसारख्या कमी पंपिंगवाल्याला ती हवीच. पण ज्यांचं पंपिंग चांगलं, त्यांच्यात २०२४ च्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात काही फरक दिसला नाही, मृत्यू किंवा पुन्हा अटॅक गोळीवर ७.९ आणि गोळीविना ८.३ टक्के. २०२५ मध्ये एका परिषदेत स्पेन-इटलीचा अभ्यासही "नाही" म्हणाला, आणि त्याच परिषदेत डेन्मार्क-नॉर्वेवाले "थोडा आहे" म्हणाले. फ्रान्समध्ये चालू गोळी बंद करून बघितली तर बंद केलेल्यांना दवाखान्याच्या फेऱ्या जास्त पडल्या. बापूकाकांचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीला बघू. तोवर चालू. ही गोळी मनानं एकदम तोडायची नाही एवढं मी त्यांच्याकडनं वदवून घेतलंय.

जिभेखालच्या गोळीबद्दल दोन शब्द, कारण ती पेठेत खिशाखिशात असते आणि लोकांना वाटतं तीच खरी. ती छातीतलं दुखणं उतरवते. आयुष्य वाढवत नाही; तिच्याच कुळातल्या, गिळायच्या गोळीवर हे १९९५ साली अठ्ठावन्न हजार पेशंटांत बघून झालंय. ती बसून घ्यायची, नाहीतर चक्कर येऊन पडाल. आणि दुकानात कोणी नसताना जे हळूच 'ती निळी गोळी' मागतात, त्यांना मी आधी विचारते, छातीचं काही चालू आहे का. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी असं पडतं की उठवणं अवघड जातं. लाजून खोटं सांगू नका एवढंच.

गुडघे तालमीनं गेलेले, त्यामुळं आण्णांना पेनकिलर हवी असते. मी देत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि वर डायक्लोफिनॅक म्हणजे तो अल्सर परत बोलवायचा. मग ते दुसऱ्या पेठेत जाऊन घेतात. मी सगळ्या ओळखीच्या दुकानांत सांगून ठेवलंय. माझ्या पाठीमागं मला 'फौजदार' म्हणतात हे माहितेय.

गेल्या महिन्यात दोघांचं वर्ष भरलं. बापूकाकांची प्रासुग्रेल बंद झाली, राहिली ॲस्पिरिन एकटी. आण्णांची क्लोपिडोग्रेल बंद होईल असं मी धरून चालले होते. डॉक्टरांनी फाईल चाळली, अल्सरच्या ओळीवर आणि त्या तासभराच्या वाकड्या तोंडाच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ॲस्पिरिन खोडली. क्लोपिडोग्रेल एकटी पुढं चालू. कोरियात स्टेंटवाल्यांत हे करून बघितलंय, २०२१ साली छापून आलं. दोन वर्षांत मृत्यू, अटॅक वगैरे सगळं मिळून क्लोपिडोग्रेलवर ५.७ टक्के, ॲस्पिरिनवर ७.७, आणि रक्तस्रावही कमी.

रविवारी आण्णांनी स्वतःच्या हातानं पट्टी धुतलेल्या बंडीच्या खिशात घातली. मी म्हटलं, कशाला नेताय, सकाळी घेतलीय की. उत्तर दिलं नाही. रंकाळ्यावर पोचलो, तर बापूकाका आधीच बसलेले. आण्णांनी शेजारी टेकून खिशातनं पट्टी काढली आणि कट्ट्यावर दोघांच्या मधे ठेवली.

"तुझी ती महागाची कुठं गेली रं बापू?"